रुखसत कोणी मागायची

कल्पना करा, तुम्ही हौदात उभे आहात. कमरेइतका खोल, कोरडा अष्टकोनी हौद, पायाखाली अनवाणी तळव्यांनी गुळगुळीत झालेली फळी. दोन्ही हातांत एकेक मुदगल. उजवा मुदगल खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, त्याचं वजन त्याला खाली नेऊ द्यायचं, आणि ढोलावर थाप पडली की कोपर उचलून तो पुन्हा छातीसमोर उभा करायचा. मग डावा. आता आणखी एक गोष्ट मनात धरा. तुमच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान असं एक यंत्र बसवलेलं आहे. त्यातून निघालेली तार शिरेच्या वाटेनं काळजात उतरली आहे. डावा मुदगल पाठीमागे गेला की ती तार हाड आणि बरगडीच्या मध्ये जराशी दबते. तुम्हाला काही जाणवत नाही, पण ठाऊक असतं. आणि ढोल चालू असतो.

यदुल्ला अमूंनी हे शिकायला जवळपास वर्ष घालवलं. शिकायला म्हणजे पुन्हा शिकायला. कारण त्याआधी तीस-पस्तीस वर्षं इराणातल्या बुरुजर्दच्या आमच्या जुन्या जोरखान्यात, म्हणजे आमच्याकडच्या तालमीत, हौदाच्या मधोमध उभं राहण्याचा मान त्यांचाच होता. मधला माणूस जे करील तेच कडेच्यांनी करायचं. तो जोर काढू लागला की सगळे जोर काढणार, त्याने मुदगल खाली ठेवले की सगळे ठेवणार. अमू माझे सख्खे काका नव्हेत. पण आमच्या गल्लीत त्यांच्या भट्टीतली रोटी खाऊन मोठी झालेली सगळीच पोरं त्यांना अमू म्हणत. तापलेल्या खड्यांवर भाजलेली ती लांबलचक रोटी ते पहाटेपासून दुपारपर्यंत काढायचे. आणि पहाटेच्याही आधी जोरखाना.

त्यांची नाडी संथ होती. तरुणपणापासून संथ, आणि साऱ्या जोरखान्याला तिचा अभिमान. नवा कोणी आला की म्हातारे त्याचं बोट अमूंच्या मनगटावर ठेवायचे आणि म्हणायचे, मोज. बिचारा एक ठोका मोजून दुसऱ्याची वाट बघत बसायचा आणि सगळे हसायचे. पहलवानाचं काळीज घाई करत नाही, अशी आमच्याकडे म्हणच पडून गेली होती. व्यायामाने कमावलेलं काळीज खरोखरच संथ चालतं, त्यात खोटं काही नाही. पण साठीच्या आसपास ते आणखी संथ झालं तेव्हा आम्हाला वाटलं, अमू आणखी मोठे पहलवान झाले. ते भट्टीपाशी बसल्या बसल्या पेंगू लागले, जिना चढून वर आले की भिंतीला टेकू लागले, तरी मनगट पुढे करून घेणारे पुढे करून घेतच राहिले. मग एका सकाळी लांब दांड्याच्या फावड्यावर रोटी घेऊन ते भट्टीसमोर उभे होते आणि उभेच्या उभे कोसळले. फावडं भट्टीच्या तोंडात पडलं, ते तिकडे पडले नाहीत, एवढंच नशीब.

मी तेव्हा आमच्या शहरातल्या हृदयविकाराच्या दवाखान्यात नुकताच लागलो होतो. पेसमेकर तपासायचं काम. छातीवर चकती ठेवायची, पडद्यावर आतलं यंत्र काय करतंय ते बघायचं आणि डॉक्टरबाई सांगतील तसं ते कमीजास्त करायचं. अमूंच्या काळजाला जी गाठ स्वतः ठोका देते ती थकून गेली होती, मधूनच काही क्षण गप्प बसायची. यंत्र बसवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर मुदगल कधी.

त्याचं उत्तर मी देण्याआधीच मुर्शिद सफर दारात उभे. जोरखान्यात उंच चौथऱ्यावर बसून ढोल वाजवतो, गातो आणि घंटा देतो तो मुर्शिद. सफर आणि अमू एकाच गल्लीत वाढले, एकाच उस्तादाच्या हाताखाली मार खाल्ला. सफरांनी खिडकीत सूर्यफुलाच्या बियांची पुडी ठेवली, अमूंच्या छातीवरच्या पट्टीकडे नीट बघितलं आणि तूबाखानमना, म्हणजे अमूंच्या बायकोला, अगदी गंभीरपणे विचारलं, "वहिनी, ह्याला झोपताना भिंतीत खुपसायचं का, की उन्हात ठेवला तरी चार्ज होतो?"

तूबाखानम रडत होत्या त्या हसल्या. अमूंनी शिवी दिली. त्या दिवसापासून सफर त्यांना बॅटरीवाला म्हणू लागले.

डॉक्टरबाईंनी सांगितलं ते स्पष्ट होतं. काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मग चालायचं. मग चढावर चालायचं. नंतर, सगळं ठीक असेल तर, हलके मुदगल. उताणं पडून दोन्ही हातांनी लाकडी ढाली उचलायच्या आणि डोक्यावर साखळ्यांचं लोखंडी धनुष्य खुळखुळवायचं ते कायमचं बंद. आणि प्रत्येक वेळी एकच कसोटी: बोलता येईल इतपतच व्यायाम. तोंडातून शब्द फुटेनासा झाला की थांबायचं.

अमूंनी मान डोलावली. मग म्हणाले की हौदात बोलायची रीत नाही, पण मुर्शिदाने हाक दिली की 'या अली' म्हणून जबाब द्यावा लागतो. तो जबाब देता आला तर चालेल का? बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चालेल.

त्यांना काय हवं होतं ते सगळ्या गल्लीला माहीत झालं. रजब महिन्याच्या तेरा तारखेला, हजरत अलींच्या जन्मदिवशी, जोरखान्यात मोठा सोहळा असतो. आसपासच्या गावांतले पहलवान येतात. त्या दिवशी हौदाच्या मधोमध उभं राहून, सफरांच्या ढोलावर, मुदगलांची एक पूर्ण फेरी शेवटच्या घंटेपर्यंत न्यायची. बस, एवढंच. त्यानंतर मेलो तरी चालेल असं ते म्हणत नसत. तूबाखानमनी तसं म्हणण्याची बंदी घातली होती.

चालणं चोगा टेकडीवर सुरू झालं. तिघं जायची: अमू, सफर, आणि दोघांच्या मागे थोडं अंतर ठेवून तूबाखानम, हातात पाण्याची बाटली. कधी सुट्टी असली की मीही. अमूंना सुरुवातीला पायथ्याच्या बाकापर्यंत जाणंही जड गेलं. जो माणूस पोती पाठीवर घेऊन भट्टीचे जिने चढत असे, त्याला एका बाकापाशी थांबून शाळेतल्या मुलीसारखी चप्पल नीट करण्याचं सोंग करावं लागत होतं. ते सोंग सगळ्यांना कळत होतं. म्हणून सफर स्वतःच थांबू लागले. चढ लागला की चार पावलांवर म्हणायचे, "थांब रे बॅटरीवाल्या, तुझं यंत्र तापलं असेल." आणि दगडावर बसून बिया फोडत राहायचे. अमू कुरकुरायचे, मला काही झालेलं नाही. सफर म्हणायचे, तुला नसेल, यंत्राला झालंय, त्याची बाजू घेणारं कोणी नको?

महिन्या-दोन महिन्यांत अमू दगडापाशी न थांबता पुढे जाऊ लागले. सफर तरी बसायचेच. त्यांच्या सिगारेटी आम्हाला माहीत होत्या. दम लागतो तो सिगारेटीने, हे इतकं उघड होतं की त्याच्यापुढे कोणी विचार केला नाही.

घरी तूबाखानमनी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. पहाटेच्या कसरतीनंतर मेंढीच्या डोक्याचं आणि पायांचं तुपकट कालवण खाण्याची आमची रीत, ती बंद झाली. मसुराची पातळ आमटी, लिंबू पिळून. अमू ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, हे तर आजारी लोकांचं जेवण. त्यावर त्या म्हणायच्या, "मग तुम्ही कोण? नवरदेव?" एकदा सफर मसुराची आमटी बघून उठूनच गेले, आणि थोड्या वेळाने दोन वाट्या कालवण घेऊन परत आले. तूबाखानमनी दोन्ही वाट्या त्यांच्याच पुढे ठेवल्या आणि त्या संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. पुढे तूबाखानमना हे आठवून फार त्रास झाला.

एक चूक मात्र अमूंनी केली. पाय भरून आले, पोट आत गेलं, तशी त्यांना खुमखुमी आली. एका सकाळी जोरखान्यात कोणी नसताना त्यांनी उताणं पडून ढाली उचलायला घेतल्या. सावकाश, जुन्या पद्धतीने, श्वास धरून. थोड्याच वेळात डोळ्यांपुढे काळोख आला. सफर ढोलाचं कातडं शेगडीवर शेकत होते, त्यांनी आवाज ऐकला आणि धावले. मला दवाखान्यात निरोप आला.

मी जाऊन दोघांना समजावून सांगितलं, आणि सांगताना मला मजाही येत होती, कारण हे यंत्र खरोखर गमतीचं आहे. त्याला तुमचा दम दिसत नाही, घाम दिसत नाही. त्याच्या आत एक इवलासा भाग असतो, त्याला फक्त हिसके कळतात. अंग हललं की ते समजतं, माणूस काम करतोय, आणि ठोके वाढवतं. उताणं पडून तुम्ही डोंगर उचलला तरी छाती जागची हलत नाही, म्हणून यंत्राला वाटतं, झोपलाय. श्वास धरलेला, ओझं छातीवर आणि ठोके झोपेतले. मग काळोख येणार नाही तर काय. उलट खुर्रमाबादच्या खडबडीत रस्त्यावर बसमध्ये नुसते बसलात तरी त्याला वाटतं, तुम्ही धावताय.

अमू ऐकत होते. प्रश्न सफरांनी विचारला. "मग मुदगल? मुदगल फिरवताना छाती हलते."

"हलते," मी म्हटलं. "प्रत्येक फेकीला."

"आणि फेक माझ्या थापेवर होते."

"हो."

सफर आपल्या उजव्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो कोणी दुसऱ्याचा आहे. "म्हणजे मी जलद वाजवलं तर ह्याचं काळीज जलद. मी हळू वाजवलं तर हळू."

मी वरच्या मर्यादेबद्दल सांगू लागलो. यंत्र एका ठरावीक वेगापलीकडे जात नाही, तो वेग डॉक्टरबाईंनी ठरवलाय, काळजी करण्यासारखं नाही. पण सफरांनी ते ऐकलं नसावं. त्यांनी अमूंच्या पाठीवर थाप मारली. "चाळीस वर्षं माझ्या ठेक्यावर नाचलास ते नाचलास, लेका, आता तुझं काळीजपण माझ्याकडे कामाला लागलं."

ते हसत म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी वाजवणं बदललं हे सगळ्यांनी पाहिलं. अमूंना डॉक्टरबाईंनी हलक्या मुदगलांची परवानगी दिली, तारेला धक्का बसू नये म्हणून डावं कोपर फार वर न काढण्याच्या अटीवर. आणि सफर त्यांच्यासाठी असा ठेका धरू लागले की कडेच्या तरुणांचा जीव कंटाळून जाई. कोणी तक्रार केली की ते चौथऱ्यावरून म्हणत, "घाई असेल त्याने बस पकडावी." डोळे मात्र अमूंच्या तोंडावर. मध्येच हाक द्यायचे आणि अमूंचा 'या अली' कसा येतो ते ऐकायचे. आवाज भरलेला आला तर ठेका तसाच. फाटका आला तर आणखी संथ. मी दवाखान्यात पडद्यावर बघत होतो, ठोके किती छान चढतात आणि छान उतरतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, असा रुग्ण वर्षातून एखादा भेटतो. मी हे अमूंना सांगितलं. त्यांनी जाऊन सफरांना सांगितलं, आणि सफरांनी आठवडाभर सगळ्या बाजारात सांगितलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मुदगलांची फेरी कधी संपवायची हे मधला माणूस ठरवतो. तो मुर्शिदाकडे बघून म्हणतो, "रुखसत." म्हणजे, परवानगी असावी. मुर्शिद वरून म्हणतो, "फुर्सत." आणि ठेका आवरता घेऊन घंटा देतो. घंटा झाली की मुदगल खाली. मुर्शिद स्वतःहून थांबत नाही. तो आधी थांबला तर त्याचा अर्थ, खालचा माणूस दमलाय असं त्याने चारचौघांत जाहीर केलं. आणि मुर्शिदाचं गाणं रंगात असताना मधल्या माणसाने रुखसत मागितली तर त्याचा अर्थ, पाहुण्याने यजमानासमोर ताट पालथं घातलं. म्हणून दोघंही एकमेकांचा मान राखत थोडं जास्तच चालवतात. हे थोडं जास्त, हीच आमच्याकडची शोभा समजली जाते. कितीतरी वेळा दोघंही दमलेले असतात आणि कोणी कोणाला सांगत नाही.

तेरा रजबला जोरखाना भरला. चौथऱ्याभोवती फुलं बांधली होती. हौदाच्या कठड्यावर बाहेरगावचे म्हातारे दाटीवाटीने बसले होते. अमू आत शिरले तेव्हा सफरांनी त्यांच्यासाठी घंटा वाजवली. तो मान त्यांचा होताच, पण वर्षभरात वाजली नव्हती. अमूंनी वाकून हौदाची फळी बोटांनी शिवून ओठांना लावली. आम्ही कडेने उभे राहिलो, मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात.

जोर झाले, हलकेच. मग मुदगल.

सफर गाऊ लागले. आवाज सुरुवातीला नेहमीसारखा भरदार होता. अमूंचे मुदगल पाठीमागे जायचे आणि थापेवर परत यायचे, उजवा, डावा. डावं कोपर सांगितलं होतं तेवढंच. पहिली हाक आली. अमूंचा जबाब कठड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेला. त्यांच्या कपाळावर घाम होता पण चेहरा मोकळा होता. मी इतके दिवस त्यांना चाललेलं, थांबलेलं, बसलेलं बघितलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा मला माझ्या लहानपणचे अमू दिसले.

फेरी नेहमी जिथे संपते तिथे आली. अमूंनी रुखसत मागितली नाही. सफर गातच होते. नंतर अमूंनी मला सांगितलं की त्यांना वाटलं, सफर ही फेरी आपल्याला भेट देतोय. वर्षभर टेकडीवर बसून वाट बघितलेल्या माणसाला मध्येच तोडायचं कसं? आणखी थोडं.

मग ठेका संथ होऊ लागला. सफरांची दुसरी हाक आली ती नुसत्या श्वासाची होती. आम्हाला वाटलं, गहिवरले. कठड्यावरचा एक म्हातारा डोळे पुसू लागला. पहा, आपल्या दोस्ताच्या काळजासाठी कसं सांभाळून वाजवतोय, असं तो शेजाऱ्याला म्हणाला, ते मी ऐकलं. ठेका आणखी उतरला. अमूंचे हात त्याच्याबरोबर उतरले. गाणं बंद झालं होतं, नुसता ढोल होता. उजव्या हाताची थाप येत होती, डाव्याची येत नव्हती.

मग तीही आली नाही.

आम्ही मुदगल खांद्याशी उभे धरून थांबलो. घंटा व्हायची होती. घंटेआधी मुदगल खाली ठेवत नाहीत, आणि घंटेची वाट बघताना मान वर करून मुर्शिदाकडे बघणं म्हणजे त्याला घाई करणं. सगळ्यांच्या नजरा फळीवर. कोणी खोकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. आम्ही अदबीने उभे होतो, इतके जण, आणि सफर वर चौथऱ्यावर ढोलावर कपाळ टेकून बसले होते.

आधी अमूंनी वर बघितलं. त्यांच्या तोंडून 'रुखसत' निघालं. जबाब आला नाही.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगतो. मी चौथऱ्यावर चढलो, सफरांना आडवं केलं आणि गाडी येईपर्यंत छातीवर दाब देत राहिलो. ते काम मला येतं, आणि नीट केलं. उपयोग झाला नाही. मध्ये एकदा मान वळली तेव्हा हौदात अमू एकटे उभे दिसले, दोन्ही मुदगल अजून खांद्याशी. बाहेरगावच्या कोणीतरी खाली उतरून ते त्यांच्या हातांतून सोडवून घेतले.

सफर विधुर होते. त्यांची मुलगी महलका इस्फहानहून आली. दफनानंतर ती तूबाखानमच्या शेजारी बसून दुखवट्याच्या हलव्यात चमचा फिरवत होती, खात नव्हती. तिने सांगितलं की गेले काही महिने बाबा फोनवर म्हणायचे, डावा हात दुखतो, जबड्यापर्यंत कळ जाते. ती म्हणायची, दाखवून या. ते म्हणायचे, ढोलाचा हात आहे, ढोलानेच दुखतो, त्यात डॉक्टरला काय दाखवायचं? मलम चोळायचे. टेकडीवर जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, मी गेलो नाही तर बॅटरीवाला थांबणार नाही.

तूबाखानम उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. जोरखान्यात नवा मुर्शिद आला, खुर्रमाबादचा, हात चांगला आहे, ठेका जलद. अमू जातात. त्यांच्यासाठी घंटा होते, ते कठड्यावर बसतात. हौदात उतरा म्हणून मंडळी विनवण्या करतात, तेव्हा ते छातीवर हात ठेवून नाही म्हणतात. परक्या माणसाला वाटतं, यंत्रामुळे. टेकडीवर मात्र रोज जातात. चढ सरळ चढून जातात आणि वर पोचल्यावर परत अर्ध्यात उतरून त्या दगडापाशी बसतात.

गेल्या आठवड्यात ते तपासणीला आले होते. मी चकती ठेवली, पडद्यावर बघितलं. तार शाबूत होती, बॅटरी कितीतरी वर्षं जाईल अशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमची ताकद तुमच्या वयाच्या निरोगी माणसापेक्षा चांगली आहे. अमूंनी त्यांचे आभार मानले. त्या गेल्यावर त्यांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली आणि मध्येच थांबले.

"इंजिनियर," ते म्हणाले. लाडात आले की मला असं म्हणतात, पण त्या दिवशी लाडात नव्हते. "माझं सगळं तुला ह्यात दिसतं ना?"

मी म्हटलं, बरंचसं.

"त्या दिवशी मी दमलो होतो का?"

मी म्हटलं, नाही, अमू. तुमचे ठोके ठेक्याबरोबर उतरत गेले. तुम्ही आणखी चालवू शकला असता.

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. एक बटण लावलं. बाहेर रांगेतलं कोणीतरी दार ढकलून बघून गेलं.

"मी तर त्याच्यासाठीच रुखसत मागितली नाही. तो रंगात आहे असं समजून," ते म्हणाले. "पण तू कोपऱ्यात होतास, तुला तिथून त्याचं तोंड दिसत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं होतं का रे? मी रुखसत मागावी म्हणून तो वाट बघत होता का?"